बारावी आजारपणात राहिली, म्हणजे नेमके काय राहिले?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी, नांदेड आणि धायरी या पट्ट्यात, गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि ‘जीबीएस’ हा शब्द शहरातल्या घराघरात पोहोचला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतले बळ जाते, आणि बहुतेक रुग्ण बरे होत असले तरी त्यासाठी काही आठवडे ते काही महिने लागतात. पुणे परिसरातील रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. त्याच वर्षी राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीला सुरू झाल्या होत्या आणि लेखी परीक्षेचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला होता. ज्या घरातला रुग्ण बारावीतला होता, त्या घरात डॉक्टरांच्या उत्तरांइतकीच आणखी एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली जात होती: आता पुढच्या प्रवेशाचे काय?

हा प्रश्न एका साथीपुरता नाही. डेंग्यू, कावीळ, टायफॉइड, अपघातात मोडलेला हात, मानसिक आजार, अशा कारणांनी दरवर्षी काही मुलांची बारावी अर्धवट राहते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना असे पालक मला जवळजवळ दर फेब्रुवारीत भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात ‘नापास’, ‘ड्रॉप’, ‘गॅप’, ‘एटीकेटी’, ‘पुरवणी’ हे शब्द एकमेकांत गुंतलेले असतात. ते सुटे केल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पात्रता, गुणवत्ता आणि नोंद

पुण्याहून सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीन सुटते. त्या गाडीने जायचे तर तिकीट हवे. ही झाली पात्रता. तिकीट पक्के आहे की प्रतीक्षा यादीत, आणि यादीत तुमचा क्रमांक कितवा, ही झाली गुणवत्ता. तिकिटावर छापलेली तारीख ही झाली नोंद. प्रवेशाच्या बाबतीतही हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

अभियांत्रिकीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील गुणवत्ता यादी मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीच्या टक्केवारीवर नाही. मात्र त्या यादीतून प्रत्यक्ष प्रवेश घेण्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे, आणि भौतिकशास्त्र, गणित व नियमात दिलेल्या तिसऱ्या विषयात मिळून किमान ४५ टक्के (राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के) गुण असणे ही पात्रता आहे. आता असे समजा की बारावीच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे इंग्रजीच्या पेपरला, मुलगी तापाने फणफणली आणि केंद्रावर पोहोचली नाही. पुढचे सगळे पेपर तिने उत्तम दिले, सीईटीत ९९ पर्सेंटाइल मिळवले. तिची गुणवत्ता उत्कृष्ट आहे, गणित आणि विज्ञानाचे गुण भरपूर आहेत, पण इंग्रजी हा अनिवार्य विषय राहिल्यामुळे ती बारावी उत्तीर्ण नाही, आणि म्हणून पात्र नाही. तिची हुशारी कुठेही कमी पडलेली नाही. एक रकाना रिकामा आहे, इतकेच.

केवायसी राहिल्यामुळे गोठवलेले बँक खाते आपल्या परिचयाचे असते. पैसे खात्यातच असतात, खातेही आपलेच असते, पण हवे ते कागद जमा होईपर्यंत व्यवहार होत नाही. अपूर्ण बारावी ही अशीच अवस्था आहे. जे पेपर उत्तीर्ण झाले त्यांचे गुण टिकून राहतात, आणि विद्यार्थी पुनर्परीक्षार्थी म्हणून फक्त राहिलेल्या विषयाला बसू शकतो.

एटीकेटीबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करतो. दहावीत एक किंवा दोन विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत प्रवेश मिळतो, ती सवलत एटीकेटी या नावाने ओळखली जाते. बारावीतून पदवीला जाताना अशी सवलत नाही. विषय राहिला असेल तर आधी तो पूर्ण करावा लागतो.

एक विषय किती तुकड्यांचा असतो?

पालकांना विषय म्हणजे एक पेपर वाटतो. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र हा विषय ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक यांचा मिळून बनतो. गणितात ही विभागणी ८० आणि २० अशी असते. भाषांना तोंडी परीक्षा असते. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी आजारी पडलेला मुलगा फेब्रुवारीत बरा होऊन सगळे लेखी पेपर देऊन आला, तरी त्याचे विषय पूर्ण झाले असे समजून निर्धास्त राहता येत नाही.

यासाठी मंडळाची एक व्यवस्था आहे आणि ती पुरेशी माहीत नाही, याचे मला दर वर्षी वाईट वाटते. वैद्यकीय किंवा अन्य अपरिहार्य कारणाने प्रात्यक्षिक, तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाची परीक्षा चुकलेल्या विद्यार्थ्यांसाठी मंडळ स्वतंत्र तारखा जाहीर करते. तिला ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा म्हणतात. तिची मागणी विद्यार्थ्याने थेट मंडळाकडे करायची नसते. कनिष्ठ महाविद्यालयाने ती विभागीय मंडळाकडे पाठवायची असते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलगा रुग्णालयात असेल, तर त्याच दिवशी पालकांपैकी कोणीतरी प्राचार्यांच्या नावे अर्ज आणि डॉक्टरांचे पत्र घेऊन महाविद्यालयात जाणे हे सलाइनची बाटली बदलण्याइतकेच निकडीचे काम समजावे. नंतर सांगू, आधी बरे वाटू दे, या विचाराने थांबलेल्या कुटुंबांच्या हातून ही सोपी दुरुस्ती निसटलेली मी पाहिली आहे.

लेखी पेपर बुडाला तर?

लेखी पेपरला ‘आउट ऑफ टर्न’ नाही. लाखो विद्यार्थ्यांची प्रश्नपत्रिका एकाच वेळी उघडते, आणि एका विद्यार्थ्यासाठी ती वेगळ्या दिवशी पुन्हा काढली जात नाही. त्यासाठी पुरवणी परीक्षा असते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली आणि तिचा निकाल जुलैअखेर आला. म्हणजे फेब्रुवारीत सुटलेली गाडी सुमारे चार महिन्यांनी पुन्हा फलाटावर लागली.

मात्र या गाडीत कोणाला चढता येते, हे नीट समजून घ्यायला हवे. पुरवणी परीक्षा प्रामुख्याने पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार योजनेतील विद्यार्थी आणि नावनोंदणी झालेले खासगी विद्यार्थी यांच्यासाठी असते. ज्याने फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचा अर्ज भरला, ज्याला बैठक क्रमांक मिळाला आणि जो आजारामुळे गैरहजर राहिला, तो पुनर्परीक्षार्थी ठरतो. ज्याने आजारपणाच्या गडबडीत मूळ अर्जच भरला नाही, त्या नियमित विद्यार्थ्याची स्थिती वेगळी होते. म्हणून दिवाळीच्या सुमारास मूल अंथरुणाला खिळलेले असले तरी, परीक्षा देता येईल की नाही याचा निर्णय पुढे ढकलून, परीक्षेचा अर्ज तेवढा वेळेत भरून ठेवावा, असा सल्ला मी बहुतेकांना देतो.

डोके चालते पण हात चालत नाही, अशा विद्यार्थ्याने पेपर सोडायची घाई करू नये. ऐन परीक्षेच्या तोंडावर हात मोडलेल्या विद्यार्थ्यालाही वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे विभागीय मंडळाच्या परवानगीने लेखनिक मिळू शकतो. आजारानंतर दुर्बलता मागे राहिली असेल तर आणखी एक आधार आहे: विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले की, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही. तो उमेदवार लिहिताना हाताला पेटके येण्याच्या विकाराने त्रस्त होता.

अर्धे पेपर द्यावेत की सगळेच सोडावेत?

सर्वांत अवघड निर्णय हा आहे, आणि घरोघरी तो घाईत, बहुधा पेपरच्या आदल्या रात्री घेतला जातो.

सामान्यतः जे पेपर झेपतील ते द्यावेत, कारण उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही आणि जून-जुलैत ओझे हलके होते. आजारपणात दिलेल्या पेपरात गुण कमी पडतील ही भीती रास्त आहे, पण त्यावरही उपाय आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या तुकडीला त्यासाठी लगतच्या तीन संधी दिल्या गेल्या. एनआयटीसारख्या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांमध्ये जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून जाणाऱ्यांना बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के) गुण, किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. आजारपणाच्या वर्षी ६८ टक्क्यांवर अडकलेल्या मुलासाठी ही योजना म्हणूनच मोलाची आहे.

अपवाद आयआयटीचा आहे. जेईई ॲडव्हान्स्ड ही आयआयटीची प्रवेश परीक्षा लगतच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि त्यातही अट अशी की उमेदवार बारावीला पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा त्याच्या लगतच्या आधीच्या वर्षी बसलेला असावा. हे घड्याळ बारावीच्या निकालाने नव्हे, तर पहिल्यांदा परीक्षेला बसल्याने सुरू होते. समजा एखादा मुलगा या फेब्रुवारीत तीन पेपर देतो, चौथ्या दिवशी कोसळतो, आणि राहिलेले पेपर पुढच्या फेब्रुवारीत देतो. त्याची ‘पहिली वेळ’ यंदाची की पुढच्या वर्षीची, हा प्रश्न उभा राहतो, आणि यंदाची धरली तर ॲडव्हान्स्डची एक संधी आजारपणातच खर्च होते. याउलट तो यंदा अजिबात बसला नाही, तर पुढचे वर्ष हे स्वच्छपणे त्याचे पहिले वर्ष ठरते. म्हणून आयआयटीचे ध्येय खरोखर असेल, तर पहिल्या पेपरला जाण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी आणि शंका असल्यास परीक्षा घेणाऱ्या आयआयटीला लेखी विचारावे. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि एमएचटी-सीईटी यांना ‘पहिल्यांदा बसण्याची’ अशी अट नाही. त्यामुळे वैद्यकीय शाखेकडे किंवा राज्यातील अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी या चिंतेत पडू नये.

पुरवणीचा शिक्का बसत नाही का?

गुणपत्रकावर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ही गोष्ट खरी आहे. परंतु बहुतेक प्रवेशांचे नियम ‘बारावी उत्तीर्ण’ आणि किमान टक्केवारी एवढेच विचारतात. ते फेब्रुवारीत झाले की जुलैत, हे विचारत नाहीत. पुरवणीतून उत्तीर्ण झालेल्या मुलांना मिळणारे प्रमाणपत्र कमी प्रतीचे नसते.

खरी अडचण शिक्क्याची नसून वेळापत्रकाची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुण्यातील नावाजलेल्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांचे पदवी प्रवेश मे महिन्यातील निकालानंतर लगेच सुरू होतात; जुलैअखेरचा निकाल हातात येईपर्यंत मागणी असलेल्या जागा भरून गेलेल्या असतात आणि उरलेल्या जागांतून निवड करावी लागते. अभियांत्रिकीची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘कॅप’, तुलनेने उशिरापर्यंत चालते, त्यामुळे तिथे शेवटच्या फेऱ्यांत किंवा संस्था स्तरावरील जागांत आशा असते. सीईटीचे गुण त्या एका शैक्षणिक वर्षापुरतेच चालतात हेही लक्षात ठेवावे. उत्तम पर्सेंटाइल आहे पण पात्रता उशिरा मिळाली आणि हवी ती जागा गेली, तर पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी लागेल. अशा वेळी मिळेल ती जागा घ्यायची की एक वर्ष थांबायचे, याचे एकच उत्तर नाही. मूल पूर्ण बरे झाले आहे का, हा प्रश्न मी त्यात सर्वांत वर ठेवतो.

वर्षच आजारात गेले तर?

कर्करोगावरील उपचार, मूत्रपिंडाचा आजार किंवा दीर्घ नैराश्य यांत दोन-चार पेपर नव्हे तर वर्षभराचे वर्ग बुडतात. नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. वैद्यकीय कारणाने ती कमी पडल्यास प्राचार्यांमार्फत विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव जातो, आणि तो परीक्षेच्या आधी जायला हवा. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे पुणे विभागीय मंडळाखाली येतात.

हजेरीचा हिशेब जुळणारच नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मार्ग विचारात घ्यावा. तिचे विभागीय केंद्र पुण्यातही आहे. एकदा नाव नोंदवले की नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे केमोथेरपीच्या दोन चक्रांमधल्या बऱ्या आठवड्यांत एक-एक विषय सोडवता येतो. आधीच्या मंडळातून उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे वळते करून घेता येतात. महाराष्ट्रातील कॅपमध्ये उमेदवारीचे प्रकार ठरवताना दहावी आणि बारावी राज्यातून उत्तीर्ण झाल्याला महत्त्व असते, म्हणून अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलेच निवडावे.

वर्ष वाया गेले, हा शब्दप्रयोग मला स्वतःला खटकतो. ते वर्ष बरे होण्यात गेलेले असते. कागदोपत्री मात्र त्या काळाचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्यासाठी महाविद्यालये ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात. हे कोणत्याही मंडळाचे प्रमाणपत्र नसते. त्या काळात आपण अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता आणि कारण आजार हे होते, असे विद्यार्थ्याने स्वतः केलेले प्रतिज्ञापत्र असते.

अकरावीचे काय?

अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालयच घेते, त्यामुळे आजारी विद्यार्थ्यासाठी फेरपरीक्षेची सोय स्थानिक पातळीवर होऊ शकते. अकरावीचे गुण बारावीच्या गुणपत्रकात येत नाहीत, म्हणून देशातील प्रवेशात त्याचा फारसा प्रश्न येत नाही. परदेशी अर्जात मात्र येतो.

परदेशी विद्यापीठ ‘इन्कम्प्लिट’ पाहून नाकारेल का?

अमेरिकेत नववी ते बारावी या चारही वर्षांचे विषयवार गुण एका पत्रकात जातात. त्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. एखाद्या सत्रात आजारपणामुळे विषय पुरा झाला नाही, तर तिथल्या शाळा गुणाच्या जागी ‘आय’ हे अक्षर, म्हणजे इन्कम्प्लिट, लिहितात आणि तो पुरा करण्यास मुदत देतात. आपल्याकडे अशी पद्धत नाही. शिवाय आपली नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात होते, त्यामुळे पत्रके दोन ठिकाणांहून गोळा करावी लागतात आणि मधल्या आजारपणाची कहाणी दोन्हींपैकी एकाही कागदावर उमटत नाही.

ती सांगण्याची जागा अर्जात असते. कॉमन ॲप या सामायिक अर्जात ‘आव्हाने आणि परिस्थिती’ या स्वरूपाचा ऐच्छिक प्रश्न आहे, आणि त्याला २५० शब्दांची मर्यादा आहे. तिथे आजाराचे वर्णन रंगवून सांगण्याची गरज नाही. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत शिक्षण थांबले, कोणते विषय राहिले, ते कधी पूर्ण झाले किंवा होणार आहेत, आणि आता प्रकृती अभ्यासाला साथ देते का, एवढे सरळ लिहिले तरी पुरते. तीच माहिती महाविद्यालयाकडून जाणाऱ्या शिफारसपत्रातही यावी, कारण विद्यार्थ्याच्या शब्दाला संस्थेचा दुजोरा मिळाला की वाचणाऱ्याचा संशय फिटतो. आपल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत अमेरिकेसारखे समुपदेशक नसतात. अशा वेळी प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना तारखांचे एक टिपण करून द्यावे.

आजाराचा उल्लेख केल्याने नुकसान होईल अशी भीती अनेकांना वाटते, विशेषतः मानसिक आजाराच्या बाबतीत. आजाराचे नाव सांगण्याची सक्ती नाही. ‘वैद्यकीय कारण’ एवढे म्हणता येते. परंतु कोसळलेल्या गुणांचे कारणच न सांगणे मला अधिक धोक्याचे वाटते, कारण रिकाम्या जागेत वाचणारा स्वतःचा अर्थ भरतो.

ब्रिटनमध्ये सशर्त प्रवेश देण्याची पद्धत आहे आणि तिथल्या यूकास या केंद्रीय व्यवस्थेत अटी पूर्ण करण्याची शेवटची तारीख साधारणपणे ३१ ऑगस्ट असते. आपल्या पुरवणीचा निकाल जुलैअखेर लागला तर तो या मुदतीत बसतो, मात्र काही विद्यापीठे पहिल्या प्रयत्नातील गुणांचा आग्रह धरतात, म्हणून आधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

खोटी प्रमाणपत्रे देणारेही असतातच ना?

असतात, आणि त्यामुळेच खऱ्या आजारी मुलाचे प्रमाणपत्रही संशयाने पाहिले जाते. ‘यांना विश्रांतीचा सल्ला दिला होता’ असे परीक्षेनंतर महिन्याने लिहून आणलेले एका ओळीचे पत्र कोणाचीच खात्री पटवत नाही. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, त्यावरील दाखल झाल्याची व सोडल्याची तारीख, निदान, तपासण्यांचे अहवाल, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेले त्याच काळातले पत्र, हे एकत्र असले की वाद उरत नाही. काही ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र मागतात; पुण्यात त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागते, आणि चालता न येणाऱ्या रुग्णासाठी ही फेरी किती जड असते हे ते मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

महाविद्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. मूल रुग्णालयात असताना कार्यालयाच्या खिडकीसमोर शिक्क्यासाठी थांबणे नकोसे वाटते, हे मी समजू शकतो, पण आजार कळवला होता की नव्हता, हा प्रश्न सहा महिन्यांनी निघाला की फाइलमध्ये तीच एक प्रत शोधली जाते.